अक्काची खळ

अक्का सूत आधी गालाला लावून बघायची, मग मागाला. नांदेडात आमच्या घराशेजारीच तिचा माग, खाली पाय सोडायला खड्डा असलेला. निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. अक्का मूळची तेलंगणातली, मराठी बोलताना मधीच बाईला "अम्मा", लेकराला "बिड्डा" म्हणायची. गल्लीतली बारकी पोरं गोळा करायची, डोळे मिटायला लावायची, अन् हातात कधी पिंजलेला कापूस द्यायची, कधी घोंगडं.

"बोटानं बघा रे!"

"मांजर!" "न्हाई, माझा आजा!" पोरं वरडायची.

माझी धोंडी तेवढी कमरेवर. आदीचं लेकरू गेलेलं, म्हणून हिला असलं नाव अन् अंगात घरोघरचे तुकडे मागून शिवलेलं झबलं. मी दोन यत्ता शिकले, त्यात भ्यायचं तेवढं पक्कं पाठ झालं. वारं सुटलं की भ्यायची, थांबलं की जास्तच. तीन वर्साची पोर झाली तरी भुईला पाय न्हाई. सासू म्हणायची, "पोरगी हाय का गळू? उतरव की खाली!"

अक्कानं झबल्यावरच बोट ठिवलं. "बिड्डा, हे कोणाचं?"

धोंडीनं मऊ तुकडा चाचपला. "मावशी." खरखरीत लागला तो "मामा." बरोबर! मी तर आजवर त्यात नुसती ठिगळं बघितली होती.

एक दिस अक्कानं सुताला लावायची ज्वारीची खळ शिजवून निववली. पोरांचे हात कोपरापर्यंत मडक्यात. धोंडी वळवळायला लागली.

"उतरव, अम्मा."

"नगं गं! सर्दी हुईल, मागाच्या खड्ड्यात पडंल!" म्हणत मी मागं सरकले. अक्कानं धोंडीला वरच्या वर झेललं, अन् मी खड्ड्यात! वरून खळीचं मडकं माझ्या डोस्क्यावर. पोरं हसून हसून लोळली. भुईवर उभी धोंडी पण हसली, अन् दोन्ही हातानं माझं तोंड खळीनं लिपलं.

मी तिला उचलायला हात काढले, तर अक्का म्हणली, "राहू दे. भ्यायचं तर भी की! हात मागं धरून भी."

पुढं मुलखात दंगलीचं बोलणं वाढलं. अक्कानं माग मोडून बैलगाडीत भरला, माहेरी निघाली. धोंडी गाडीमागं पळाली, पार कोपऱ्यापर्यंत, एकटी.

मी ओट्यावर. लई भ्याले. दोन्ही हात पाठीमागं, एकानं दुसरा घट्ट धरलेला.