भिंतीतून जाणारा दगड

भोसरीतल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि बाकी जगाला रविवारी. त्यामुळे नागसेनच्या सुट्टीला त्याला भेटायला कुणी मोकळं नसे, आणि लोक मोकळे असत तेव्हा हा वर्कशॉपात मायक्रोमीटर घेऊन बसलेला. इन्स्पेक्शनचा माणूस. केसभर फरक दिसला की जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, रिजेक्ट. याचं लग्नही त्यापायीच राहिलं, असं शेजारच्या गोजाबाई म्हणत, आणि त्या अगदीच चुकत होत्या असं नाही.

धाकटी बहीण रश्मी पिंपळे गुरवला, लेक दिव्यासोबत राहायची. अंतर फार नाही, पण आई गेल्यापासून येणंजाणं आटलं होतं. भांडण झालं असतं तर बरं, निदान मिटवता तरी आलं असतं.

म्हणून नागसेनने एक उद्योग काढला. लहानपणी देहूरोडच्या क्वार्टरमध्ये, वडिलांनी आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ही दोघं एक खेळ खेळायची. पडदाभर चौकटी, त्यांतून दगड ढकलत वाट काढायची आणि दार गाठायचं. तो खेळ आताच्या कॉम्प्युटरवर चालत नाही. असे जुने खेळ नव्या मशीनवर हुबेहूब चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, जगभरचे हौशी लोक घरी बसून लिहितात. नागसेनने सगळे गुरुवार खर्ची घालून तसा एक लिहिला आणि रश्मीला पाठवला. त्या निमित्ताने बहीण परत घरी येईल, एवढीच त्याला आस होती.

तिचा फोन आला. "दादा, बर्फाच्या लेव्हलला अडकले रे. दगड भिंतीतून जातच नाही."

"ती मूळ खेळातली चूक होती. मी काढून टाकली," नागसेन ऐटीत म्हणाला.

"आपण तिथूनच तर जायचो," ती म्हणाली, आणि कामाचं निमित्त सांगून तिने फोन ठेवला.

खरंच होतं. ती बाणाचं बटण दाबायची, हा त्याच क्षणी स्पेसबार, आणि दगड भिंतीतून आरपार. जित्याची खोड, दुसरं काय. दोष दिसला आणि याने तो काढला.

पुढच्या गुरुवारी त्याने ती चूक होती तशी परत घातली. तपासल्याशिवाय माल पुढे पाठवायचा नाही, म्हणून एका हाताने बाण दाबला, दुसऱ्याने स्पेसबार. दगड गेला. एकट्याला जमत होतं. तेव्हाही जमलंच असतं, पण दोघांपैकी कुणी करून पाहिलं नव्हतं. नागसेनला फार वाईट वाटलं.

जन्मात कधी खोटा ओके न दिलेल्या या माणसाने मग बहिणीला लिहिलं, "चूक परत घातली. पण दोघं लागतात. गुरुवारी ये."

संध्याकाळी उत्तर आलं. "जमलं, दादा. मी आणि दिव्याने मिळून केलं. खूप हसलो." गुरुवारचं त्यात काही नव्हतं.

नागसेनने 'छान' लिहून पाठवलं. खेळ अगदी मुळाबरहुकूम चालत होता. स्पेसबारवर आता दिव्याचं बोट होतं, एवढाच फरक.