लग्नाच्या कॅसेटीचा हिरो

हसायचंच असेल तर आधी हसून घ्या, मग सांगतो. मी बोलत असताना मध्ये कोणी हसलेलं मला चालत नाही.

मी सिद्राम. घरात सगळे आप्पा म्हणतात. सोलापूरच्या मार्केट यार्डात हमालांचा मुकादम होतो. शाळा चौथीपर्यंत. पण मी नुसतं बघितलं की कांद्याच्या गाडीभोवतीचा गोंधळ थांबायचा. घरातही माझ्यापुढं कोणी आवाज चढवत नाही. म्हणजे, यंदाच्या नागपंचमीपर्यंत चढवत नव्हतं.

नातवाचं, महेशचं, लग्न झालं. मुलगी दुधनीची. लग्नाची कॅसेट आली. आता कॅसेट कुठली, बोटाएवढा पेन ड्राइव्ह! पण आम्ही कॅसेटच म्हणतो. टीव्हीवर लावली. सगळ्यांना आवडली. मलाही आवडली असती. पण शेजारच्या खोलीत माझी नात पूजा अभ्यास करत होती.

पूजा कॉलेजात सिनेमा शिकते. आमच्या वेळी याला शाळा बुडवणं म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर, म्हणून मोठ्यानं पाठ करत होती. "पडद्यावर गोष्ट कोणाची, हे कॅमेरा ठरवतो. ती कोणापासून सुरू होते, कोणावर संपते, आणि मधे आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतो…"

"हे काय गं?" मी विचारलं.

"कथनशास्त्र, आप्पा. गोष्ट कशी सांगतात, त्याचं शास्त्र."

"लग्नाच्या कॅसेटला लागू होतं का?"

"होतं की! पुढचं ऐका, लई मजा हाय. दोन चित्रं शेजारी ठेवली की…"

"बास. कळलं."

आणि खरंच कळलं हो! मी कॅसेट पुन्हा लावायला सांगितली आणि शास्त्राप्रमाणे बघितली. सुरुवात कोणावर? मुलीचा बाप मल्लिनाथ, फेटा बांधून घेताना. शेवट कोणावर? पुन्हा मल्लिनाथ, डोळे पुसताना. आणि मी? मधे एकदाच. खुर्चीत बसलोय, बघतोय, संपलं.

तुम्हीच सांगा. मुलाकडचे आम्ही, आणि गोष्ट मल्लिनाथची? हा कुठला मानपान?

आमची म्हातारी म्हणाली, "अवो, पोरीचा बाप हाय त्यो. रडणार न्हाय तर काय करणार?"

"रडू दे. पण शेवटाला कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी बसूचा स्टुडिओ गाठला. बसू म्हणजे आमचा शूटिंगवाला. त्याला सरळ सांगितलं, "कॅसेट माझ्यापासून सुरू झाली पाहिजे आणि माझ्यावर संपली पाहिजे. आणि मधे प्रत्येक महत्त्वाच्या जागी मी बघतोय असं दिसलं पाहिजे. लोकांनी लग्न माझ्या डोळ्यांनी बघायचं. शास्त्र आहे."

बसूनं डोकं खाजवलं. "आप्पा, तुमचं शूटिंगच कुटं हाय? कॅमेरा तुमच्याकडं वळवला की तुमी म्हणायचा, लाईट तिकडं फिरव, न्हाईतर वायर उपटतो. खुर्चीतला एकच तुकडा हाय बगा."

"तोच घाल."

"सगळीकडं?"

"सगळीकडं."

"आप्पा, त्ये जरा वेगळंच दिसंल. माणसं काय करतात…"

"तू शास्त्र शिकलायस?"

"न्हाय."

"मग घाल."

मी शिकलो होतो ना! अर्ध्या पानापुरतं.

पंचमीला नातसुनेला माहेरी न्यायला दुधनीची मंडळी आली. मल्लिनाथ, त्याची बायको आणि त्याची आई निलव्वा. निलव्वा माझ्याच वयाची. तोंडात कायम विडा. आवाज असा की दुधनीत बोलली तर अक्कलकोटला ऐकू जावं. शेंगापोळीचं जेवण झालं. बसूही नवी कॅसेट घेऊन आला होता, त्यालाही जेवायला बसवलं. मग मी जाहीर केलं, "आता कॅसेट बघायची. दुरुस्त केलेली."

लागली. पहिलाच मी! नंतर हळद, आणि मी. वरात, आणि मी.

"आप्पा सगळीकडं हायत की," मल्लिनाथ आदरानं म्हणाला. मी मिशीवरून हात फिरवला.

मग पंगत आली. आधी माझा चेहरा. मग परातीत जिलेबीचा ढीग. मग पुन्हा माझा चेहरा.

मागं कोणीतरी फिसकन हसलं. माझी सून हळूच म्हणाली, "साखर हाय ना त्यांना, म्हणून तसं बघतायत. जीव तुटतोय बिचाऱ्यांचा."

अहो, चेहरा तोच होता! तोच तुकडा! पण खोटं कशाला बोलू, मलाच त्या चेहऱ्यावर भूक दिसायला लागली.

पुढचं तर विचारूच नका. माझा चेहरा. मग जेवणाच्या हॉलमधून हसत, ठुमकत येणारी निलव्वा. पुन्हा माझा चेहरा. कॅमेऱ्याला हात हलवणारी निलव्वा. पुन्हा माझा चेहरा. आणि त्याच्यावर धडाधडा अक्षता!

मग मल्लिनाथच्या बायकोनं तोंडात पदर कोंबला, आणि घर जे हसत सुटलं म्हणता!

"ह्या वयात!" म्हातारी कडाडली. "अवो, माझ्याकडं कदी असं बघितलं न्हाईत तुमी!"

"अय्यो शिवने!" निलव्वा मांडीवर थाप मारून म्हणाली. "पावणं, आदी सांगायचं की! जरा बरं लुगडं नेसले असते."

पूजा दारात उभी होती. "आप्पा, हेच तर पुढं होतं. दोन चित्रं शेजारी ठेवली की मधली गोष्ट बघणाराच रचतो. चेहरा तोच असला तरी…"

"आत्ता सांगतेस होय!"

ज्या मल्लिनाथला मला मागं सारायचं होतं, तो डोळे पुसत होता. हसून हसून! ही मंडळी गावी जाऊन काय सांगणार? सगळी इज्जत पणाला लागली. आता खरं बोलण्यावाचून इलाज नव्हता, आणि ते खरं मी लग्नापासून गिळून बसलो होतो.

लग्नासाठी मी नव्या कोल्हापुरी चपला घेतल्या होत्या. लाल गोंड्याच्या, कर्रकर्र वाजणाऱ्या. जेवून बाहेर येतो तर चपला गायब! आता मुलाकडचा आजोबा 'माझ्या चपला, माझ्या चपला' करत मांडवभर फिरला असता तर शोभलं असतं का? म्हणून गप्प खुर्चीत बसलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय तपासत राहिलो. कॅसेटीतला चेहरा तो! घरी आलो ते कार्यालयाच्या न्हाणीतल्या रबरी सपाता घालून.

मी उठून उभा राहिलो. "गप्प बसा! मी कोणाच्या तोंडाकडं बघत नव्हतो. माझ्या चपला शोधत होतो, लाल गोंड्याच्या. बसू, मागं घे. थांबव. आता बघा, नजर कुठं आहे? वर की खाली?"

सगळे टीव्हीजवळ सरकले. मल्लिनाथनं मान डोलावली. "व्हय. खाली हाय. पायांकडं."

जिंकलो! त्या तोऱ्यात मी म्हणालो, "बसू, पुढं घे."

बसूनं पुढं घेतलं. पुढं निलव्वा! आणि आता मीच शिकवल्याप्रमाणे सगळ्यांची नजर आपोआप खाली गेली. तिच्या पायांकडं.

पायात लाल गोंडे!

"म्हंजे आप्पा आजीकडंच बघत हुते की!" महेश ओरडला.

माझा पुरावा माझ्यावरच उलटला. चेहरा माझा, नजर माझी, चपलाही माझ्या. आता कोण ऐकतंय?

निलव्वा पडद्यापाशी जाऊन निरखून आली. "ह्या व्हय? माझी पावलं सुजलेली, माझ्या चपला चढंनात. दारात ह्या दिसल्या, बरोबर बसल्या. मला वाटलं, पोराकडच्यांनी मान केला."

मल्लिनाथनं मला हात जोडले. "मुलाकडचे असून मुलीच्या आजीचा मान केलासा, आप्पा! आमच्या दुधनीत असं कुणी बघितलं न्हाय." खरं बोलत होता की चेष्टा, मला अजून कळलेलं नाही.

"माघारी देते की," निलव्वा म्हणाली. "आज आणल्या न्हाईत. तुमीच या दुधनीला न्यायला."

"खबरदार!" म्हातारी म्हणाली. निलव्वाला नाही, मला.

बसूनं हळूच विचारलं, "आप्पा, त्यो भाग काढू का?"

मी तोंड उघडायच्या आत अख्खं घर ओरडलं, "न्हाय!" माझ्यापुढं! आवाज चढवून!

आता ती कॅसेट दुधनीत घरोघरी बघतात म्हणे. माझ्यापासून सुरू होते, माझ्यावर संपते, आणि मधे लोक माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडं बघत नाहीत. शास्त्राप्रमाणे सगळं बरोबर आहे.

चपला अजून तिकडंच आहेत. मार्केट यार्ड नजरेनं गप्प करणारा मी, पण दुधनीला जाऊन चपला मागायची छाती होत नाही. आणि घरात? परवा जेवताना मान खाली घालून बसलो होतो, तर म्हातारी भाकरी वाढता वाढता म्हणाली,

"खाली काय बघताय? हितं निलव्वा न्हाय."