अण्णांची आरामखुर्ची रिकामी झाली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण हा किस्सा पुढं पुढं धड हसू देत नाही. म्हणजे हसू येतं, पण ते लपवावं कुठं तेच कळत नाही. माझ्या हातून फजित्या काय कमी झाल्यात? पण हिची नुसती आठवण झाली तरी माझे कान गरम होतात!

तेव्हा मी बुलढाण्याच्या कचेरीत कारकून होतो. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा. तिकडून हुकूम यायचे, इकडे आम्ही त्यांच्या नकला करायचो. दिवसभर नकला करकरून डोकं आंबायचं, म्हणून मी एक नाद लावून घेतला होता. मोडक्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायचा! कुणाचं लंगडं स्टूल, कुणाच्या टेबलाचा अडकलेला खण, सगळं माझ्या अंगणात. रंधा, पटाशी, सरस, चपड्याचं पॉलिश... घरात सुगंध असा, की पाहुणे दारातूनच परत जायचे.

बायको म्हणायची, "घरात माणसांचे पाय नाहीत तेवढे खुर्च्यांचे झाले. अन् त्यातला एकबी सरळ नाही!"

पण माझा जीव अडकला होता एकाच खुर्चीत. संग्रामपूरच्या अण्णांच्या.

अण्णा म्हणजे माझ्या वडलांचे मित्र. जंगल खात्यातून पेन्शनीत आलेले. वडील गेले तेव्हा मी लहान होतो. अण्णांनी मला आपल्या घरी नेऊन काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, स्वाधीन केलं, शाळेत घातलं, आणि हातात रंधाही त्यांनीच दिला. त्यांच्याकडे एक आरामखुर्ची होती. बदलून गेलेल्या कुण्या गोऱ्या साहेबाची, अस्सल सागवानी, लांब हातांची. पण दशा काय विचारता! वेत फाटलेला, त्यावर गोधडीची घडी. एक हात सुतळीनं बांधलेला. अण्णा सकाळी तिच्यात बसत ते रात्री उठत.

दरवर्षी मी गेलो की तेच. "अण्णा, दोन दिवस खुर्ची रिकामी करा न! नवी करून देतो."

"अन् मी काय झाडावर बसू काय बे?" अण्णा सुपारी कातरत म्हणायचे. की विषय संपला!

तर एका वर्षी, होळी होऊन गेली होती. अण्णांचे शेजारी तुळशीराम कोर्टाच्या तारखेला बुलढाण्याला आले, ते थेट माझ्या टेबलापाशी. घामेजलेले, मान खाली. मला वाटलं, मोटारीत गर्दी असेल. साध्या माणसाला वाईट बातमी सरळ तोंडानं सांगवत नाही हो. ते हळूच म्हणाले, "बापूसाहेब... अण्णाची खुर्ची रिकामी झाली."

मी ताडकन उठलो. "काय सांगता!"

"हाव. काल सकाळी. काकूनं तुमाले बोलावलं."

"काही त्रास तर नाही न दिला?"

"नाही जी. एकदम शांतपणानं."

"कमाल आहे! मले वाटे, चार जण लागतील उचलाले!"

तुळशीराम माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "चार जणांनीच उचललं, साहेब."

आणि मी, महामूर्ख, खो खो हसलो! त्यांच्या पाठीवर थाप मारली! ते दोन पावलं मागं सरकले आणि पाठ न दाखवता दारातून निघून गेले. दुःखानं माझं डोकं फिरलं, असं त्यांनी कोर्टात सगळ्यांना सांगितलं म्हणे. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी रजेचा अर्ज खरडत होतो.

संध्याकाळी मी आणि माझा मित्र गोविंदा सायकलीवर निघालो. गोविंदा शाळेत कवायत शिकवायचा. सायकल म्हटलं की कुठंही तयार. त्याच्या सायकलीला ब्रेक म्हणजे त्याचा उजवा बूट! घाट उतरताना त्या बुटाचा तळवा संपला. माझ्या हँडलला हत्यारांची पिशवी, पाठीवर नव्या वेताचं वेटोळं. नांदुऱ्याला धर्मशाळेत पाठ टेकली, पहाटे पूर्णेच्या गुडघाभर पाण्यातून सायकली खांद्यावर घेऊन गेलो. मी सारा वेळ गात होतो. गोविंदा म्हणाला, "लग्नाले चालला काय बे?" मी म्हटलं, "त्याच्याहून मोठं काम आहे!"

संग्रामपुरात शिरलो ती घंटी वाजवतच. अण्णांच्या ओट्यावर माणसं बसलेली, गुपचूप. मला काय वाटलं सांगू? माझं काम पाहायला जमली!

एक म्हातारे पुढं झाले. "आला बापू? रात्रीतून आला?"

"येणार नाही तं काय! किती वर्षांपासून वाट पाहून राह्यलो होतो!"

मी पिशवी सोडायला लागलो. "शेवटी एकदाचं मोकळं केलं बुवा अण्णानं!"

"हाव," म्हातारे म्हणाले, "मोकळे झाले."

"चला, मी लागतो कामाले."

"आता कायचं काम, बापू? झालं सगळं परवाच."

"झालं? कोणी केलं?"

"दत्तूनं. दुसरं कोण करीन?"

दत्तू म्हणजे अण्णांचा मुलगा. ज्याला खिळा सरळ ठोकता येत नाही तो! माझं टाळकंच सरकलं. "दत्तूले काय समजते त्यातलं? माह्यासाठी थांबता नाही आलं? अन् लाकूड कोणतं वापरलं?"

म्हातारे गोंधळून म्हणाले, "बाभळीचं होतं... थोडं आंब्याचं."

"बाभूळ!" मी ओरडलो. "सागाले बाभूळ? अरे, सत्यानाश केला!"

तेवढ्यात दत्तू बाहेर आला. डोकं तुळतुळीत भादरलेलं. मिशीही नाही.

माझ्या हातातली पिशवी सुटली. पटाशी, हातोडी, करवत, सगळं ओट्याच्या पायऱ्यांवरून खणखणत खाली गेलं. इतका मोठा आवाज मी जन्मात ऐकला नाही. गोविंदानं मला धरलं नसतं तर मीही त्यांच्या मागं गेलो असतो.

तुळशीरामांचा एकेक शब्द तेव्हा कानात वाजायला लागला. शांतपणानं... चार जणांनीच... आणि मी हसलो होतो.

काकूंनी आत बोलावलं. त्यांना आतून सगळं ऐकू गेलं होतं. मी पायांशी बसलो. त्यांचे पाय धरले.

"रडू नको रे," काकू म्हणाल्या. "तू बाभूळ म्हणून वरडला न, मले हसू आलं. पदर कोंबला तोंडात. मंग वाटलं, हे असते तं किती हसले असते. अन् मंग लईच रडू आलं."

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तुले एक सांगू? मागच्याच हप्त्यात म्हणत होते, औंदा बापू आला की देऊन टाकू खुर्ची. दोन दिवस बाजेवर पडतो म्हणे. पोराचं मन राहीन."

आता सांगा, माणसानं काय करावं? मी तेच केलं जे मला येत होतं. गोविंदा परत गेला, मी दिवस-कार्य होईपर्यंत राहिलो. सुतकाच्या घरात ठोकाठोक नको, म्हणून मागच्या पडवीत बसून बिनआवाजाची कामं काढली. फुटक्या काचेनं जुना थर खरवडायचा, सरस लावायचा, वेत विणायचा. काकू जवळ येऊन बसायच्या.

"हा डाग पाह्यला? सकाळची पहिली बिडी इथंच ठेवत."

"हो काकू," म्हणून मी तो डाग खरवडून काढायचो.

"अन् ह्या खाचा अडकित्त्याच्या. सुपारी कातरता कातरता बोलण्यात रंगले की अडकित्ता इथंच आपटत."

"हो काकू." खाचांत लाकडाचा भुसा आणि सरस भरून सपाट!

"डोक्याच्या तेलाचं काळं झालं पाह्य इथं."

तेही गेलं. मंडळी, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत सुंदर काम होतं! आरशासारखं पॉलिश. कुठं ओरखडा दिसेल तर शपथ! तेरावं झाल्यावर मी आणि दत्तूनं ती खुर्ची उचलून ओट्यावर तिच्या जागी ठेवली आणि काकूंना बोलावलं.

काकू दारात उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग पुढं येऊन हातावरून बोटं फिरवली. इथं फिरवली, तिथं फिरवली, काहीतरी शोधल्यासारखी.

"चांगली झाली बापू," त्या म्हणाल्या. "कोणाची हाये?"

मला वाटलं, त्या थट्टा करतात. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजलं. त्या खरंच विचारत होत्या.

तोवर गोविंदानं इकडे ओट्यावरचा तमाशा साऱ्या बुलढाण्यात सांगून टाकला होता. बाभळीचा तर नकलेसकट! परत आलो, तर माझ्याकडे दुरुस्तीला कुणी साधं स्टूलही पाठवेना. मीही कुणाला मागितलं नाही. एकदा मात्र आमच्या हेडक्लार्कांच्या घरी काही कागद द्यायला गेलो. त्यांचे म्हातारे वडील व्हरांड्यात खुर्ची टाकून पेंगत होते. फाटकातून मी सायकल आत घेतोय तोच त्यांचा डोळा उघडला. मला पाहिलं मात्र, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि ओरडले,

"मी अजून बसलेलोच हाये रे बापू! पुढच्या घरी जाय!"