साळ्याचा टीव्ही आणि माझा लाल टॅग

माझ्या साळ्याचा टीव्ही मी अतिशय काळजीपूर्वक खराब केला.

विजय रेल्वेत. त्याची दुर्गहून नागपूरला बदली झाली आणि तिथलं क्वार्टर निघालं लहान. म्हणून त्यानं आपला जीव की प्राण असलेला प्रोजेक्शन टीव्ही आमच्या भिलाईच्या घरी ठेवायला दिला. टीव्ही कसला, काच लावलेलं कपाटच! चौघांनी मिळून आत आणला. (तिघांनी उचलला. मी "सांभाळून, सांभाळून" म्हणत होतो.) जाताना त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"भाऊजी, एकच चित्र लय वेळ ठेवू नोका. त्याचा डाग पडते, मंग निघत नाही."

"तू नोको घाबरू. स्टील प्लँटमध्ये सेफ्टीचं लेक्चर कोन देते? मीच देतो ना!"

त्या दिवसापासून आमच्या घरात टीव्ही पाहणं संपलं आणि टीव्ही राखणं सुरू झालं. मी पडद्याचा उजेड इतका कमी केला, की मालिकेतल्या सगळ्या सुना कोळशाच्या यार्डातून आल्यासारख्या दिसू लागल्या. मॅचमध्ये स्कोअरची पट्टी खाली थांबली की मी चॅनल बदलायचो. त्यामुळे आमच्या घरात कोणी आउट झालेलं कोणी पाहिलं नाही. एकदा सुषमा, म्हणजे आमची सौभाग्यवती, टीव्हीवर आरती पाहत होती.

"बदल तो चॅनल," मी ओरडलो. "देव हलून नाही राहिला!"

"अहो, देव हलन कसा?"

मी बदलला. देवानं ते लक्षात ठेवलं असावं.

कारण पुढे विजयला मोठं क्वार्टर मिळालं आणि रविवारी तो टीव्ही न्यायला येणार असं ठरलं. मला वाटलं, होता त्यापेक्षा चांगला करून द्यावा. हल्ली पडद्यावर सगळ्यांच्या कानांना लाल कड दिसायची. रंग जुळवण्यासाठी त्या टीव्हीत एक पांढरी, चौकटी-चौकटींची जाळी पडद्यावर आणता येत असे. शनिवारी सकाळी ती आणून मी रिमोट घेऊन बसलो, तोच प्लँटमधून फोन आला. कन्व्हेयर अडकला होता. अर्धवट जुळवलेले रंग कोणी बिघडवू नयेत म्हणून मी स्विचला लाल टॅग बांधला, 'काम चालू आहे, हात लावू नये', आणि पळालो. (प्लँटमध्ये टॅग बांधायच्या आधी मशीन बंद करतात. हे मी लेक्चरमध्ये सगळ्यात पहिलं सांगतो.)

संध्याकाळी परत आलो, तर जाळी तशीच लखलखत होती आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून माझे बाबा बसले होते. बाबा त्याच प्लँटमधून रिटायर झालेले.

"बाबा, बंद कावून नाही केला?"

"टॅग होता ना."

"मी त दुपारीच बंद करून राहिली होती," सुषमा म्हणाली. "बाबांनी स्विचपाशी जाऊच नाही देल्लं."

"ज्यानं टॅग बांधला, तोच सोडन," बाबा शांतपणे म्हणाले. "तुयाच लेक्चरात आयकलं."

माझं लेक्चर कोणीतरी ऐकलं होतं, याचा आनंद मला क्षणभर झालाच. मग मी चॅनल लावला. जाळी जागची हलली नव्हती. विजयला तोंड कसं दाखवायचं या विचारानं मला खरोखर रडू येत होतं.

रविवारी सकाळीच कॅम्प-१ वस्तीतला मेकॅनिक आणला. त्यानं काच पुसली, मान हलवली आणि म्हणाला, "साहब, ये तो छप गया."

दुपारी विजय आला. चहासुद्धा न घेता त्यानं टीव्ही लावला. बराच वेळ पाहत राहिला.

"भाऊजी, हे बातम्यावाली जेलात कावून बसून राहिली?"

मी सगळं सांगितलं. मग बाबांनी टॅगचा नियम त्याला समजावून सांगायला सुरुवात केली, तसा त्याला हसू फुटलं. इतका हसला, की पोट धरून खालीच बसला.

"ठेवा तुमीच," डोळे पुसत तो म्हणाला. "नागपुरात मले लोकाईले सांगता नाही येनार." टॅग मात्र त्यानं सोडून सुषमाच्या हातात दिला. "ताई, हा चुकीच्या जागी बांधला होता."

तेव्हापासून घरात मिक्सर येवो की वॉशिंग मशीन, सुषमा आधी तो टॅग शोधते आणि माझ्या शर्टाच्या बटणाला बांधते. मला तो सोडता येत नाही. बाबा समोर बसलेले असतात, आणि नियम मीच शिकवलेला आहे.