एलिसेओ कुणाला द्यायचा

“आधी ती टोपी काढा, बाबा. जेवायच्या टेबलावर नको.”

“मला ऊन लागतं,” म्हातारा म्हणाला.

“स्वयंपाकघरात?”

“मग तुझ्या संघाची दे. तीही घालतो. लोक हसले तर मला बोल लावू नकोस.”

व्हर्ननने कणीस उचललं आणि तसंच खाली ठेवलं. टोपी धाकट्या भावाच्या, कर्टिसच्या क्लबाची होती. बेव्हर्लीने बटाट्याचं सॅलड दोघांच्या मधे सरकवलं. नवऱ्याचा आजचा दिवस तिला ठाऊक होता. संध्याकाळी सहाला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत होती, आणि ऑफिसात जो तो एकच प्रश्न विचारत होता म्हणून तो जेवायला घरी पळून आला होता.

व्हर्नन ओहायोतल्या एका गरीब बेसबॉल क्लबाचा मुख्य व्यवस्थापक. गरीब म्हणजे मालक गरीब नव्हता, त्याचा हात आखडता होता. श्रीमंत क्लब दोन खेळाडूंना जेवढा पगार देतात, तेवढ्यात व्हर्ननने अख्खा संघ उभा करायचा. तो करायचाही. कोपर दुखावलेले, पोट सुटलेले, दुसऱ्यांनी टाकून दिलेले खेळाडू वेचून आणायचे. ते चमकले की महाग व्हायच्या आत विकायचे आणि बदल्यात कोवळी पोरं घ्यायची. कितीही जीव जडला तरी विकायचा. हे सगळं त्याने कर्टिसला हाताला धरून शिकवलं होतं. तिकीटखिडकीवरून उचलून आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं.

कर्टिस ते शिकून किनाऱ्यावरच्या श्रीमंत क्लबात गेला. तिथे अक्कलही चालली आणि पैसाही. दोन चषक आले. वर्तमानपत्रं कर्टिसला बुद्धिमान म्हणत. व्हर्ननला काटकसरी म्हणत, संसार ओढणाऱ्या बाईला म्हणतात तसं. कर्टिसचा संघ हरला की व्हर्ननला छान झोप लागे. बेव्हर्लीला ते कळायचं, पण ती कधी बोलली नव्हती.

फोन वाजला. हात लोण्याने बरबटलेले, म्हणून व्हर्ननने तो टेबलावरच ठेवून स्पीकर चालू केला.

“दादा, एलिसेओ देऊन टाक,” कर्टिस म्हणाला. एलिसेओ म्हणजे खांदा दुखतो म्हणून कुणालाच नको असलेला, आणि यंदा व्हर्ननच्या हाताखाली सगळ्यांना भारी पडलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. “तीन पोरं देतो. तुझी नजर आहे तो चेंडू झेलणारा कॅचरसुद्धा.”

“विचार करून सांगतो.”

“यात विचार कसला? त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलंय, मग तो तुझ्या हातून फुकट जाणार. महाग व्हायच्या आत विकायचं, हे तूच शिकवलंस ना?”

“काय शिकवलं ते आठवतंय मला.”

“बरं, बाबांना सांग, फायनलचं तिकीट पाठवतो. विमानाचं पण.”

फोन बंद झाला. म्हाताऱ्याचा चेहरा फुलला होता. “एलिसेओ मिळाला म्हणजे चषक पक्का! बेव्ह, ऑक्टोबरात तिकडे जाड कोट लागेल का गं?”

“बघू,” ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. “टेक्ससचा क्लबही त्याला मागतोय ना, ते काय देतायत?”

“दोन पोरं. त्यातल्या एकाचा गुडघा गेलाय.”

“मग अडलंय कुठे?”

तो कणसाला मीठ लावत राहिला.

“व्हर्नन, तुला तुझा संघ जिंकायला हवाय की कर्टिसचा हरायला?”

आजवर आधी संघच होता. संघासाठी त्याने मित्र विकले होते, मुलीच्या लग्नाला आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी विकला होता. तीन पोरं म्हणजे पुढच्या चार-पाच वर्षांची बेगमी. त्याला ते बोटांवर मोजायचीही गरज नव्हती.

म्हातारा अजून कोटाबद्दलच बोलत होता. तपकिरी बरा की निळा. व्हर्ननचं मैदान इथून गाडीने वीस मिनिटांवर. बाबा तिथे शेवटचे कधी आले होते ते त्याला आठवेना.

त्याने हात पुसले आणि खुर्ची मागे सारली.

“एलिसेओ टेक्ससला जातोय,” तो म्हणाला. “दोन पोरांच्या बदल्यात. मी सही करायला निघालोय. कर्टिसला या घरातून कुणी फोन करायचा नाही.”