पोरीची चौकशी

आमच्या आळीत रोज सकाळी मासळी घेऊन एक बाई यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो, तिचं नाव कधी कळलं नाही. पाटी उतरवली की आधी पदराने मान पुसायची, मगच भाव सांगायची. कॉलेजात जाणारी माझी पुतणी तिच्याशी घासाघीस करायची आणि ती घासाघीस दोघींनाही आवडायची.

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा पुतणीच्या मेंदूत कॅन्सरची गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन ठरलं, रक्त देणारी माणसं आणा म्हणून निरोप आला.

"पोर कुठं दिसत नाय ती?" मावशीने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती पाटी उचलून तशीच परत गेली.

त्याच आठवड्यात तिच्या वाडीतले खलाशी ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला ठेवून मासळीच्या ट्रकमधून मुंबईला पोचले. रक्त देऊन त्याच ट्रकने परतले. पुतणीला त्यांनी पाहिलंही नव्हतं.

ऑपरेशन होऊन पुतणी घरी आल्यावर मावशी तिला हाताला धरून जेटीवर घेऊन गेली. मीही बरोबर होतो. जाळी ओढणारे हात थांबले. डोक्याला रुमाल बांधलेल्या त्या मुलीसमोर सगळेच लाजले.

"हीच ती," मावशी म्हणाली. "नीट बघून घ्या. आता रोज विचारून माझा जीव खाऊ नका."

पुतणी मोठ्याने हसली.

त्यानंतर दोन वर्षं ती आमच्यात होती. मावशी दारात आली की तिला सांगायची, "आज पण सगळ्यांनी तुला विचारलानी, गो."

पुतणी गेली त्या सकाळी मावशी पाटी न घेता आली. तिच्यामागून जेटीवरची माणसं चालत आली. कुणीच काही विचारलं नाही.