कठीण शब्दांचा सौदा

शके १७८६, कार्तिक वद्य पंचमी. सौदा चाळीस रुपयांचा, पैकी दहा आगाऊ. अमरावतीला आमच्या ओसरीवर मी, माझा मोठा मुलगा, शेजारचा कापसाचा दलाल आणि इंग्रजी शिकवायला आलेले पुण्याकडचे मास्तर, एवढे हजर होतो.

त्या साली कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, म्हणून मुलाला मुंबईच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसवायची हिंमत केली. तिथे मोठमोठे इंग्रजी शब्द लागतात, असे जो तो सांगे. मला इंग्रजीचे अक्षर येत नाही, आणि न तपासता मी कधी माल घेतला नव्हता. गाडीत वर कोरडा कापूस आणि खाली ओला, हे पुष्कळदा पाहिलेले.

दलालाने उपरणे पुढे केले. आमच्याकडे भाव त्याखाली बोटे दाबून ठरतो. मास्तरांनी हात मागे घेतला.

"जे काय ते तोंडाने बोला," ते म्हणाले.

तिथेच मला शंका आली. म्हणालो, "महिन्याचा पगार देत नाई. शंभर शब्दांले चार रुपये. असे हजार शब्द. अन् सोपे शब्द मोजाचे नाईत."

शिकवणी सुरू झाली. जेवताना मी मुलाला शिकवलेल्यातला मधलाच एखादा मराठी अर्थ सांगून त्याचा इंग्रजी शब्द विचारी. मला शब्द कळत नसे, पण आवाज मागच्या वेळेसारखाच आला की पुढचा घास.

"पोराले जेवू तं द्या," बायको म्हणे. "कचेरीत उभा करून राहिले काय त्याले?"

तो एकदाही चुकला नाही. त्यामुळे माझा संशय वाढलाच. शिवाय परीक्षेला बसायला अकोल्याच्या हेडमास्तरांची चिठ्ठी लागणार होती, म्हणून त्याला तिकडे नेले. त्यांनी सांगितले, वडील आजारी आहेत, दोन दिवस रजा हवी, एवढे इंग्रजीत लिही. मुलाने लिहिले. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"शब्द भारी आहेत. पण आजारी कोण आणि रजा कोणाला, ते कळत नाही. चिठ्ठी देता येणार नाही."

घरी येऊन मास्तरांना म्हणालो, "तुमी मले फसवलं."

"वाक्यं लिहून घ्यायला बसलो, की तुम्ही आतून विचारायचात, यातले कठीण किती? वाक्यात बहुतेक शब्द सोपेच असतात. त्यांचे पैसे नाहीत, ही अट तुमची."

मी मुलाकडे पाहिले. "खरं हाय, बाबा," तो म्हणाला.

तरी दोन दिवस बसून शब्द मोजून घेतले. हजार भरले. पुन्हा अकोल्याला गेलो. हेडमास्तर म्हणाले, वर्षभर इथे ठेवा, रोज वाचून-लिहून घेतो, मग चिठ्ठीचे पाहू.

मास्तरांना राहिलेले तीस रुपये दिले. अकोल्याला ज्या बाईंकडे मुलाची जेवणाची सोय लावली, त्यांना महिना चारप्रमाणे वर्षाचे अठ्ठेचाळीस.